मानेमागची रेघ

बाबनच्या मानेमागची केसांची रेघ सरळ नव्हती. डावीकडे ती बोटभर वर चढलेली असे. केस वाढत, पुन्हा कापले जात आणि रेघ पुन्हा डावीकडेच, पुन्हा बोटभरच वर जाई.

घरी कापलेले केस असेच दिसायचे, असं गांधीबागेतल्या रुपरावच्या सलूनमध्ये सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बाबन महारांच्या वस्तीतला. सलूनची पायरी तो कधी चढला नव्हता. बाहेर लिंबाखालच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून तो बसे आणि आतल्या गिऱ्हाइकांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. मॅट्रिक झालेला, आवाज खणखणीत. आवाज आत चालायचा.

त्या सकाळी खुर्चीत कापडाचे व्यापारी ईश्वरदास होते. मागच्या बाकड्यावर मारोतराव आपली पाळी येण्याची वाट पाहत होते.

"अस्पृश्य म्हणून केस कापायला नकार," बाबनने वाचलं, "सलूनवाल्यास दंड."

"कुठली गा बातमी?" मारोतरावांनी दचकून विचारलं.

"दूरची आहे, मारोतराव. तुम्ही बसा निवांत."

ईश्वरदास फेसातून बोलले, "दंड काहून पण? दुकान ज्याचं, मर्जी त्याची. मी कोणाले कापड विकावं, कोणाले नोकरीवर ठेवावं, हे सरकार सांगन काय मले?"

"अन् उद्या रुपरावनं सगळ्यायलेच खुर्चीत बसवलं तर?" मारोतरावांनी विचारलं.

"बसवू दे न. त्याची मर्जी. आपण दुसरीकडे जाऊ, ते आपली मर्जी." ईश्वरदास आरशात हसले. "काय गा रुपराव?"

रुपराव वस्तरा चामड्यावर घासत होता. "हलू नका, शेठजी," तो एवढंच म्हणाला.

गिऱ्हाइकं जातील ही एक भीती होती. दुसरी भीती घरची होती. उमरेडच्या त्याच्या चुलतभावाने एकदा एका अस्पृश्य माणसाला खुर्चीत बसवलं, तर जातीच्या पंचांनी त्याला वाळीत टाकलं आणि त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. रुपरावच्या मुलीचं, नीलाचं लग्न यंदा जमत आलं होतं.

"हा तुमचा बाहेरचा वाचणारा," ईश्वरदास म्हणाले, "परवा आला होता माह्याकडे. काउंटरवर माणूस पाहिजे हे ऐकलं असन त्यानं. बोलतो चांगला, हिशेबाले पक्का. मी म्हटलं, जरा पाठ फिरव."

वस्तरा गालावर थांबला.

"म्हटलं, बापू, गिऱ्हाइकापुढं उभं राहणाऱ्या माणसाची मान तरी नीट पाहिजे. जा, पयले बायकोले कात्री धरायले शिकव."

मारोतराव पोट धरून हसले. बाहेर बाबनने पान उलटलं.

"सांगतो जयवंताले, शेठजी," तो मागे न पाहता म्हणाला. "तिचं लक्षच राहत नाही."

रुपरावने दाढी पूर्ण केली, तुरटी फिरवली, चेहरा पुसला. मग दाराकडे वळून विचारलं, "हे मले काहून नाही सांगितलं, बाबन?"

"काय सांगायचं त्यात, रुपरावभाऊ? आज दुपारी खापरखेड्याले चाललो. वीजघरात कारकुनाची जागा आहे, मुलाखतीले बोलावलं. मानेले दुपट्टा गुंडाळून जातो. उन्हाळाच आहे."

"साहेबापुढं दुपट्टा काढा लागन न बावा," मारोतराव म्हणाले आणि खुर्चीकडे जायला उठले. ईश्वरदास आरशासमोर उभे राहून भांग पाडत होते.

रुपरावने खुर्चीवरचे केस झटकले. खणातून नवी कात्री काढली. जुनी तो घरीच ठेवी. कात्री हातात धरून त्याने बाहेर पाहिलं. बाबनची मान उन्हात होती आणि रेघ आज फारच स्पष्ट दिसत होती.

"थांबा, मारोतराव. पाळी त्याची आहे," तो म्हणाला. "बाबन, आत ये."

कंगवा ईश्वरदासांच्या हातातच राहिला. बाबन उठून उभा राहिला, पण जागचा हलला नाही. त्याने रुपरावकडे पाहून हळूच मान हलवली.

"राहू द्या, भाऊ. नीलाचं होऊन जाऊ द्या पयले."

"दर खेपेले तू हेच म्हणतं. अन् मी ऐकतो."

"रुपराव," ईश्वरदास म्हणाले, "तो त्या खुर्चीत बसला तर माह्या घरचा एकही माणूस इथं पाय ठेवणार नाही, सांगून ठेवतो."

"ते तुमची मर्जी, शेठजी." रुपरावने धुतलेलं पांढरं कापड उलगडलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "दुकान माहं आहे. अन् जयवंताले नावं ठेवू नका, तिनं कधी कात्री हातात धरली नाही. अंधार पडल्यावर त्याच्या घरी जाऊन त्याचे केस मीच कापतो इतकी वर्षं, अन् माहा हात कोणाले ओळखू येऊ नये म्हणून डावीकडं बोटभर वर मीच घेतो. ये बाबन, बस. आज सरळ कापतो."