मळकट

एका जोडताऱ्याचा उजेड रोजच्या रोज मोजणं, हे तिचं वेधशाळेतलं काम. त्यातल्या एका ताऱ्याभोवती धुळीची मोठी चकती होती आणि ती चकती दुसऱ्या ताऱ्यासमोर सरकत होती. महिनाभर उजेड कमी कमी होत चालला होता.

एका दुपारी जेवताना नवरा म्हणाला, "जरा उजेडात बस ना. तुझा चेहराच नीट दिसत नाही."

ती खिडकीशीच बसली होती. ऊन सरळ तोंडावर येत होतं.

दोन दिवसांनी तो डोळे तपासून आला. डोळे ठणठणीत होते. "बाकी सगळं लख्ख दिसतं गं," तो जेवताना वैतागून म्हणाला, "तूच तेवढी मळकट दिसतेस."

ती हसली खरी, पण जेवण अर्धवट टाकून दोनदा तोंड धुऊन आली. मग कशातच लक्ष लागेना. शेवटी तिने मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं. कारण काही सांगितलं नाही. दार उघडताच विचारलं, "ताई, मी नीट दिसतेय का गं तुला?"

"दिसशील की," ताई चपला काढत म्हणाली, "आधी तुझ्यापुढे उभ्या आहेत त्या बाईंना जरा बाजूला व्हायला सांग."