मागचा उन्हाळा

राजस वर्षभर रोज सकाळी कंबर तलावावर फिरायला जायचा, फोटो काढायचा. आज भवानी पेठेतल्या टपरीवर दोस्तानं, युवराजनं, कॅमेरा हातात घेतला. "बघू की बे, काय काढायलास." आधी हिवाळ्यातले पक्षी आले, मग पावसाळ्यातलं तुडुंब पाणी. युवराज एकेक फोटो मागं सारत होता. आता मागच्या उन्हाळ्यातले फोटो लागणार होते. त्यातल्या एका फोटोत पायरीवर युवराजची बहीण होती, एका पोराच्या खांद्यावर डोकं टेकून. दोघं अजूनही तिथंच बसायचे. घरी कळलं तर तिचं कॉलेज त्याच दिवशी बंद. "आण, मी दाखवतो," म्हणत राजसनं कॅमेरा ओढला आणि अख्खं कार्ड पुसलं. "चुकीचं बटण दाबलं बे." युवराज हळहळला. "वर्षाची मेहनत गेली की. जाऊ दे. उद्यापासून मी पण येतो तलावावर."