दारातला सब्जा

"सब्जा भुईत कुणी लावला?" गेणबानं पहार जमिनीवर टेकवत विचारलं.

सबिनाच्या एका हातात जेवणाचा डबा होता आणि दुसऱ्या हातानं ती ओढणी सावरत होती. लोणी देवकरच्या कंपनीची गाडी फाट्यावर यायची वेळ झाली होती, आणि दारात घरमालक पहार घेऊन उभा! अकरा महिने संपत आले होते. खोली राहते की जाते, या एकाच घोरानं आठवडाभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अम्मीनं लावला, आबा. आधी डब्यातच हुता. झाडलोट करताना कुणीतरी शेजारच्या दारात सरकवला, तवा तिनं हट्टानं भुईत लावला."

"डब्यातलं झाड भाडेकरूसंगं जातं. भुईतलं जात न्हाय."

हा गेणबाचा कायदा. निमगाव केतकीत त्याच्या एका रांगेत सहा खोल्या होत्या. सगळ्यांची दारं एका मापाची, एका निळ्या रंगाची. भाडं मात्र वाजवी. कंपनीजवळच्या खोल्यांचं भाडं नुसतं ऐकूनच घाम फुटायचा, त्यामुळं गेणबाच्या खोलीवर दहाजणांचा डोळा असायचा. पण अकरा महिने झाले की तो कुणालाही हलवायचा. भाडं वाढवायला नाही, भीतीनं. त्याच्या बापाला कूळ म्हणून कसत असलेली जमीन कूळकायद्यानं मिळाली होती आणि मूळ मालक हात चोळत बसला होता. राहत्या खोलीला तो कायदा लागत नाही, हे तलाठ्यापासून जावयापर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. पटेल तर शपथ! चोराच्या मनात चांदणं म्हणावं, तर बाप काही चोर नव्हता, हक्काचंच घेतलं होतं त्यानं. तरी आपल्या बापानं जे केलं तेच एक दिवस कुणीतरी आपल्याला करणार, हे गेणबाच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

"आबा, आजून वरीसभर ऱ्हाऊ द्या," सबिना म्हणाली. "अम्मीला अंधुक दिसतं. नव्या खोलीत गेलं की लई चाचपडती. मागल्या खोलीत चहाचं आधण पायावर सांडून घेतलं तिनं. हितं कुठं आत्ता सरावली, म्हणून मी बिनघोर कामावर जाती."

बिनघोर कसली! कामावर तिचं अर्धं चित्त खोलीत असायचं. नवरा फिरोज ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. उद्या अम्मीला, म्हणजे सासूला, सांभाळायला घरी बसावं लागलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की कुठल्याच खोलीचं भाडं झेपणार नाही.

"सरावली म्हणूनच भ्या वाटतं," गेणबा म्हणाला. "माणूस सरावला की मुळं धरतो. माझा बा बी असाच सरावला हुता."

त्यानं पहार घातली. खरं तर सब्ज्याला पहार कशाला लागते? दोन बोटांनी ओढला तरी येतो. पण गेणबा सगळ्या तयारीनिशी आला होता. मुळासकट ते घमघमणारं रोप उपटून तो रांगेच्या टोकाला उकिरड्याकडं निघाला. सबिनाला संताप आला आणि रडूही आलं. पण मालकापुढं यातलं काय दाखवायचं? ती डबा धरून दारातच उभी राहिली.

तेवढ्यात रांगेच्या दुसऱ्या टोकाच्या नळावरून गौहर आली, तिची सासू. कमरेवर कळशी, मोकळा हात भिंतीवर. एकेका दाराला बोटं लावत ती शांतपणे चालत होती.

सबिना बाजूला सरकली, सासूला आत येता यावं म्हणून. गौहर थांबलीच नाही. हातभर अंतरावरून, सुनेच्या तोंडासमोरून, ती तशीच पुढं गेली.

सबिनाला आत्ता कळलं. अंधुक कसलं? म्हातारीला काहीच दिसत नव्हतं. सुनेची नोकरी सुटू नये म्हणून तिनं हे इतके दिवस लपवलं होतं.

गौहर पुढच्या दाराशी घुटमळली. तोंड वर करून तिनं वास घेतला आणि पुन्हा चालू लागली. त्याच्याही पुढच्या दाराशी तिचा हात कडी शोधू लागला. कडी सापडली, पण तिनं मान हलवली. रांग संपली तरी ती चालतच होती. कळशीतलं पाणी हिंदकळून लुगडं भिजत होतं. उकिरड्याच्या तोंडाशी गेणबा उभा होता, हातात ते रोप. त्याच्यासमोर मात्र ती थबकली. एक मोठा श्वास घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावरची सगळी घालमेल गेली. दार उघडायला तिनं हात पुढं केला. तो गेणबाच्या सदऱ्याला लागला.

"कोण हाय ह्ये?" ती म्हणाली. "आमच्या दारात कशाला हुबं ऱ्हायलाय?"

फाट्यावर कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. सबिना हलली नाही. आता ही आंधळी म्हातारी बघून गेणबा आजच सामान बाहेर काढायला लावणार, असंच तिला वाटलं.

गेणबानं हातातल्या रोपाकडं पाहिलं. मग रांगेतल्या एकसारख्या दारांकडं पाहिलं. ती त्यानं स्वतः रंगवून घेतली होती, पण आज ती त्याला पहिल्यांदाच दिसल्यासारखी झाली.

"मी गेणबा हाय, भाभी," तो म्हणाला. "तुमचं दार मागं ऱ्हायलं. चला."

त्यानं तिच्या कमरेवरची कळशी घेतली. रोप तिच्या बाजूला धरून तो सावकाश चालू लागला, आणि वासाच्या मागं मागं गौहर निघाली. सबिनाच्या दाराशी येऊन तो खाली बसला. स्वतःच उकरलेल्या खड्ड्यात त्यानं सब्जा उभा केला आणि दोन्ही हातांनी माती लोटली.

"कळशी वत हितं, पोरी," तो सबिनाला म्हणाला. "मुळं धरली पायजेत."