पांढऱ्या उजेडाची बॅटरी

"ही बी नको," म्हणत साळुबाईनं सातवी बॅटरी काउंटरवर ठेवली.

हौशीरामनं कपाळावर हात मारून घेतला नाही, एवढंच. जीप दुकानासमोरच उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, सकाळी लेण्याद्रीच्या पायथ्याशी फोडलेल्या नारळाचं पाणी अजून काचेवर वाळलेलं. पन्नाशीला आलेल्या माणसाची ही पहिली गाडी. होती जुनीच, पण तळेघरच्या चढावर जन्मभर पायपीट केलेल्याला त्याचं काय? उद्यापासून तो तळेघर ते घोडेगाव माणसं नेणार होता.

अडचण एकच होती. गाडी थांबल्याबरोबर आईनं किल्ली काढून कनवटीला लावली होती. अडीनडीला गाडीत ठेवायची बॅटरी मनासारखी मिळाली तर किल्ली मिळेल, नाहीतर जीप जुन्नरलाच राहील आणि आपण एसटीनं घरी जाऊ, असं तिनं सांगून टाकलं होतं. आई बोलते तसंच करते, हे हौशीरामला पन्नास वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

दुकानदार गोरख मात्र वैतागला नव्हता. कारण आत पाऊल टाकताच म्हातारीनं त्याला विचारलं होतं, "मोहिनीचा ना तू? तळेघरच्या?"

"व्हय. कसं वळाखलं?"

"नाक तिचंच हाय."

"मंग तू आमचा भाचा झाला की राव," असं हौशीराम म्हणाला आणि गोरखनं लगेच चहा मागवला. आजोळच्या माणसांना रिकाम्या हातानं परत पाठवायचं कसं?

त्यानं आठवी बॅटरी काढली, मनगटाएवढी जाड.

"ही घ्या आजी. पार त्या टेकडीवर उजेड जातो. बिबट्या दिसला तर तितूनच माघारी पळंल."

"मला बिबट्या न्हाई बघायचा. जवळचं नीट दिसाया पायजे."

"बरोबर. बॉनेटमधलं काम."

"आनि दोनी हात मोकळं ऱ्हायले पायजेत."

"टायर बदलताना," गोरख म्हणाला आणि फडताळावरून चुंबकाची बॅटरी काढली. लोखंडी कपाटाला लावून दाखवली. "जीपच्या टपाला आतून अशी चिकटंल."

साळुबाईचे डोळे लकाकले, पण उजेड पिवळा पडलेला दिसताच तिनं तोंड वाकडं केलं.

"धुक्यात पिवळाच बरा असतो, आजी. भीमाशंकरकडं लई धुकं."

"पिवळ्यात रंग कळत न्हाई."

"ऑइल गळतंय का पानी, ते. खरंय." गोरखला आता म्हातारीचं कौतुक वाटायला लागलं. हिला गॅरेज टाकून दिलं असतं तर हिनं तालुका गाजवला असता. "मामा, तुमच्यापरीस आजीलाच गाडीतलं जास्त कळतंय."

हौशीरामनं रस्त्याकडं बघत घसा खाकरला.

गोरखनं तशीच, पण पांढऱ्या उजेडाची शोधून आणली.

"तापती का?"

"न्हाई."

"धुता येती?"

"वॉटरप्रूफ हाय."

"साबनानं?"

गोरख हसला. "व्हय व्हय. ग्रीसचं हात लागत्यातच. धुवा खुशाल."

"किती येळ जळंल?"

"आठ तास. पर टायरला अर्धा तास बास व्हतो, आजी."

"कवा कवा सकाळ व्हती," साळुबाई म्हणाली.

बाहेरून हाक आली, "आजे, झालं का गं?" हौशीरामची लेक रत्ना महिन्यापूर्वी माहेरी आली होती. जीपच्या पुढच्या सीटवर ऐसपैस बसून ती पेरू खात होती. दुकानाच्या तीन पायऱ्या चढायचा तिनं कंटाळा केला होता.

"आलेच. तू बस तितंच," साळुबाईनं सांगितलं.

तिनं बॅटरी स्वतःच्या नखांवर धरली. नखं गुलाबी दिसली. मग एकाएकी तिनं तो झोत गोरखच्या तोंडावर मारला आणि त्याच्याकडं निरखून बघत राहिली. तो डोळे मिचकावत तसाच उभा राहिला. गिऱ्हाइकाला माल पारखू द्यावा लागतो.

"चांगला गोरा हायेस की," ती म्हणाली. "हीच दे."

तिनं कनवटीची किल्ली सोडून लेकाच्या हातावर ठेवली. हौशीरामनं ती आधी कपाळाला लावली, मग खिशात घातली, मग पुन्हा काढून बघितली. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. रत्नाला किल्ली दाखवायला तो पायऱ्या उतरून पळालाच.

गोरखनं बॅटरी खोक्यात भरली. "गॅरंटी कार्डावर नाव काय लिहू?"

"साळुबाई लिही. आनि आईला सांग, साळुबाई भेटली व्हती म्हनून."

"सांगतो. पर आजी, इतकं पारखून बॅटरी नेनारं गिऱ्हाईक मी पयल्यांदाच बघितलं. एक टायर बदलायला एवढं लागत न्हाई."

खोकं पदराखाली घेऊन निघालेली साळुबाई पायरीवर थांबली.

"टायर कोन बदलतंय, लेकरा? तुज्या आईला घोडेगावच्या दवाखान्यात नेताना तू घाटातच जल्मला, अशाच एका जीपमधी, माज्या हातात. बॅटरी पिवळी व्हती, पोर निळं पडलंय का काय ते तू रडंस्तवर मला कळलं न्हाई. रत्नाचं लेकरू तरी मला पयल्याच नजरंला नीट दिसू दे."