थर्मोकोलचा डोंगर

"श्रावस्ती, जरा इकडे ये. हा डोंगर दाबून धर, पाण्यात कसा दिसतो ते बघू दे. बरा दिसला तर मग सिलिकॉनने चिकटवू."

नोएडाच्या फ्लॅटमध्ये भाऊराव माशांच्या नव्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. तळाला चढउतार हवेत म्हणून त्यांनी थर्मोकोल कोरून डोंगर केला होता.

"बाबा, मीटिंग चालू आहे माझी."

"अच्छा. तुझी मीटिंग संपेपर्यंत मीच तरंगायला लागेन."

तिने खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी ते टाकीशेजारच्या खुर्चीत गेलेले सापडले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला. "शेवटी लेक जवळ होती हो," असं म्हणत पाहुणे गेले. लेक दाराआड होती, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

टाकी काठोकाठ भरलेली होती आणि डोंगर तळाशी बसलेला होता. त्यांनी एकट्यानेच चिकटवला असेल, असं तिला वाटलं होतं. आज झाडताना टाकीमागे सिलिकॉनची नळी सापडली. ती उघडलेलीच नव्हती.

तिने डोंगराला बोट लावलं. तो सुटा होता, हलला, पण वर आला नाही. त्याच्या उतारावर पाच बोटांचे खळगे होते. ती बघत असतानाच ते थरथरले आणि आणखी खोल गेले, दमलेल्या हाताने पुन्हा जोर लावावा तसे. काठावरून थोडं पाणी सांडलं.

श्रावस्तीने बाही वर सारली आणि त्या खळग्यांवर हात ठेवला. पाणी तेवढ्याच जागी कोमट होतं.

"सोडा बाबा," ती म्हणाली. "मी धरते."