डाव्या हाताचा निबंध

शाळेच्या पानगळ सप्ताहात दुसरीतल्या एका मुलीचा निबंध स्पर्धेत पहिला नंबर आला, आणि लगेच तो आलाच नाही असं ठरलं. तिनं माइकवरच सांगून टाकलं, "बाई, हा बाबांनी लिहिलाय."

मागे तिचे बाबा आपल्या आयुष्यातल्या पहिल्यावहिल्या पहिल्या नंबराला टाळ्या वाजवत होते. हात तसेच हवेत राहिले. अक्षर पोरीचं वाटावं म्हणून बिचाऱ्यांनी अख्खा निबंध डाव्या हाताने लिहिला होता.

बाईंनी बक्षीस दुसऱ्या नंबराच्या मुलापुढे धरलं. "माझा आजोबांनी," तो म्हणाला. तिसऱ्या नंबरवालीने नुसतंच आईकडे बोट दाखवलं.

"यंदा स्पर्धा झालेलीच नाही," बाईंनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा अर्ज आला: 'प्रमाणपत्र माझ्या नावे मिळावे. नियमाची अडचण असल्यास मला मागील तारखेपासून दुसरीत प्रवेश द्यावा, ही नम्र विनंती.'