मूठभर बडीशेप

"वहिनी, आई हल्ली मुठीमुठीने बडीशेप खातेय. बघ जरा," नणंद म्हणाली.

"खाऊ दे गं, पचनाला चांगलीच ती," म्हणत सून बाळाच्या वहीत लिहीत राहिली: दूध सव्वाअकराला, ढेकरा दोन.

महिन्याभरात सासूबाई ओट्याशीच पोट धरून खाली बसल्या.

"चार महिने दुखतंय. बडीशेप चघळली की कळ दबायची," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

"आणि घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" डॉक्टरांनी सुनेकडे पाहिलं.

"तिला नका बोलू हो. तिच्यामागे तान्हं बाळ आहे," सासूबाई म्हणाल्या.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही कधी बाळ बघायला गेलात, तर ती दारातच सांगेल, "बाळ मजेत आहे. आधी आत जाऊन आमच्या आईंना विचारा, दुखतंय का. मला त्या अजूनही 'काही नाही गं' एवढंच म्हणतात."